सासऱ्यांच्या टाकीत वीतभर जास्त पाणी

३ फेब्रुवारी, रविवार

आजपासून प्लंबिंगच्या कोर्सला जातो आहे. एक गोष्ट आधीच लिहून ठेवतो. मी प्लंबर होणार नाही. राज्यशास्त्रात बी.ए. झालेला माणूस प्लंबर होत नसतो. मला फक्त सर्टिफिकेट हवं आहे, तेही अरीजच्या वडिलांसाठी. अबू नायिफनी आईला तोंडावर सांगितलं, "डिग्री भिंतीवर शोभते. मुलाच्या हाताला काय येतं ते सांगा." सैन्यात ट्रक चालवून रिटायर झालेला माणूस, त्याला राज्यशास्त्र काय कळणार! पण अरीज त्यांची मुलगी आहे, आणि लग्न करीन तर तिच्याशीच हे माझं विद्यापीठात असल्यापासून ठरलेलं आहे. तिचंही बहुतेक ठरलेलं असावं. तसं ती बोललेली नाही.

सरकारी नोकरीच्या यादीत माझं नाव आहेच. यादी सरकते आहे. मागच्या वर्षी सरकल्याचं ऐकलं होतं.

योजना: आधी सर्टिफिकेट, मग सुपरवायझर, मग स्वतःची कंपनी. नळाला हात इतर लोक लावतील.

५ फेब्रुवारी, मंगळवार

टाय लावून गेलो. पाइप-पाना लॅपटॉपच्या बॅगेत. इर्बिद शहरात, आमच्या गल्लीत कुणाचा मुलगा पाना घेऊन जाताना दिसला, तर संध्याकाळपर्यंत त्याच्या आईचं सांत्वन करायला बायका येतात. 'ऐब', म्हणजे लाजिरवाणी गोष्ट, हा एकच शब्द सगळ्या गल्लीला पुरतो.

समोरच्या उम्म सुहैबनी बाल्कनीतून विचारलं, कुठे निघालास. मी म्हटलं, वॉटर मॅनेजमेंट. खोटं काहीच नाही.

बसस्टॉपवर बॅगेचा पट्टा तुटला आणि पाना रस्त्यावर खणकन पडला. मी दुसऱ्याच कुणाचा तरी असावा अशा नजरेनं त्याच्याकडे पाहिलं आणि बसमध्ये चढलो. एका भल्या माणसानं धावत येऊन तो खिडकीतून माझ्या मांडीवर दिला. अख्खी बस बघत होती. असले भले लोक देशाला पुढे जाऊ देत नाहीत.

धाकट्या बहिणीनं, रुदैनानं, बायकांच्या तुकडीत नाव घातलं. तिची भूगोलात डिग्री आहे, मार्कही माझ्याहून जास्त, पण भूगोल सोपा असतो. म्हणाली, घरी बसून यादीची वाट बघण्यापेक्षा हे बरं. आठवडाभरात सोडेल.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

आज पाइपाला आटे पाडले. सर म्हणाले, जोड गळतोय. मी त्यांना समजावलं की नवीन जोड हा नवीन सरकारसारखा असतो, सुरुवातीला थोडं गळणारच. त्यांनी पुन्हा करायला सांगितलं. शिकवण्याची पद्धत जुनाट आहे.

रुदैनानं तिकडे बायकांच्या खोलीत घोट्याएवढं पाणी केलं म्हणे. ऐकून बरं वाटलं. मग तिनं सगळं पुसून काढलं आणि तोच जोड संध्याकाळपर्यंत करत बसली. मुलींना एवढा हट्ट बरा नाही.

२८ मार्च, गुरुवार

सर्टिफिकेट मिळालं. रुदैनालाही. फोटोत मी मधोमध आहे.

कंपनी स्थापन केली. कार्डं छापून आणली: 'मुतसिम आणि सहकारी, जल-उपाय.' सहकारी म्हणजे रुदैना. तिनं कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं की यात 'प्लंबर' कुठे लिहिलंय. म्हटलं, ते लोकांना समजतं. म्हणाली, लोकांना नळ गळतोय तेवढंच समजतं.

८ एप्रिल, सोमवार

पहिलं गिऱ्हाईक! उम्म सुहैबच्या स्वयंपाकघरात सिंक तुंबलं. टाय लावून, बॅग घेऊन गेलो. दार बोटभर उघडलं. नवरा टॅक्सी घेऊन बाहेर, घरात त्या आणि सुना. त्या आतून म्हणाल्या, "बाळा, घरात पुरुषमाणूस नाही. तुझ्याबरोबर कुणी बाई नाही का?"

ही अडचण कोर्समध्ये कुणी सांगितली नव्हती. म्हणजे सरांनी पहिल्याच दिवशी सांगितली होती म्हणे, पण तेव्हा मी टायची गाठ सैल करत होतो.

रुदैनाला फोन केला. ती चपला घालून पलीकडून आली आणि सरळ आत गेली. मी जिन्यात बसून राहिलो. मधूनमधून दारातून सूचना दिल्या. आतून हसण्याचे आवाज येत होते, पण ते दुसऱ्या कशावर असतील. सिंक मोकळं झालं. पहिला प्रकल्प यशस्वी.

१३ एप्रिल, शनिवार

दुपारभर रुदैनाचा फोन वाजत असतो. नवरे कामावर आणि नळ घरी, असा एकूण प्रकार आहे. माझा अभ्यास असा की पुरुष प्लंबरला खरी संधी शुक्रवारी, कारण त्या दिवशी घरधनी घरी असतो.

काल असंच एक बोलावणं आलं. घरधन्यानं हात धरून बसवलं, चहा दिला, मग मन्सफचं, म्हणजे मटण-भाताचं, ताट पुढे ठेवलं, मग निवडणुकांवर माझं मत विचारलं. मी सविस्तर दिलं. मग नमाज झाला, मग घरधनी झोपला. नळ तसाच राहिला. आज रुदैना जाऊन करून आली.

कामाची वाटणी आपोआप झाली आहे. जनसंपर्क माझ्याकडे, नळ तिच्याकडे.

आई म्हणते, घरात पैसे येतायत ते रुदैनाचे. आईला कंपनी म्हणजे काय हे समजत नाही.

२० एप्रिल, शनिवार

अबू नायिफ मान्य! आईनं त्यांना सांगितलं की मुतसिमनं कंपनी काढली, काम जोरात आहे, सगळ्या गल्लीत नाव आहे. (नाव रुदैनाचं आहे हे सांगायचं राहून गेलं असावं.) जाहा, म्हणजे मुलीला मागणी घालायला जाणारी पुरुषमंडळी, शुक्रवारी न्यायची ठरली.

तयारी: काका हाज मुफ्लिह चाळीसेक पुरुष घेऊन पुढे. ते जाहाचे मुखिया. त्यांच्यापुढे कॉफीचा पेला येईल. ते तो न पिता खाली ठेवतील आणि आमचं मागणं मांडतील. अबू नायिफ म्हणतील, कॉफी घ्या. काकांच्या ओठाला पेला लागला की अरीज माझी. यात चूक व्हायला जागाच नाही. सगळं आधी ठरलेलंच असतं, पेला फक्त उचलायचा असतो.

२४ एप्रिल, बुधवार

आज सासऱ्यांच्या मनात (अजून सासरे नाहीत, पण दोन दिवसांचा प्रश्न) कायमची जागा केली.

जाहाच्या खुर्च्या पोचवायला गेलो होतो. अबू नायिफ सहज म्हणाले की गच्चीवरची टाकी आठवडाभर पुरत नाही, शुक्रवारी पाणी येतं आणि बुधवारी खडखडाट. मी म्हटलं, एवढंच ना! टाय खिशात कोंबला, वर गेलो. बघतो तर तरंगणारा बॉल टाकीच्या काठाखाली चांगला वीतभर असतानाच पाणी बंद करतो. म्हणजे वीतभर टाकी आयुष्यभर रिकामी! बॉलची दांडी वाकवून वर केली. काठाशी जादा पाणी बाहेर जायची एक नळी असते, तिच्यात कापडाचा बोळा घट्ट कोंबला. आमच्या गावात आठवड्यातून एकदा पाणी येतं आणि लोक ते बाहेर काढायला नळ्या बसवतात! पाण्याची नासाडी म्हणजे पाप.

दांडी वाकवताना कुणी मागं नव्हतं, कुणी 'पुन्हा कर' म्हटलं नाही. किती वेगानं काम होतं बघा.

अबू नायिफनी पाठीवर थाप मारली. म्हणाले, हाताला येतं म्हणायचं! अरीज खिडकीत होती. बहुतेक माझ्याकडेच बघत होती.

रात्री जेवताना रुदैनाला सांगितलं. तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "ती नळी पाणी वाया घालवायला नसते, मुतसिम. बॉल अडकला तर घर वाचवायला असते." पुस्तकी ज्ञान. म्हणाली, उद्या जाऊन काढून येते. मी बजावलं की माझ्या सासरच्या कामात हात घालायचा नाही.

२६ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

सूट इस्त्री झाला. काकांनी खाकरून आवाज मोकळा केला आहे. अबू नायिफच्या गल्लीत आज पाण्याचा दिवस. शुभशकुन.

त्याच दिवशी, संध्याकाळ

शांतपणे लिहितो.

दिवाणखान्यात सगळे बसले. छताला मोठं झुंबर, बरोबर त्याच्याखाली हाज मुफ्लिह काका. पेला आला. काकांनी तो समोर ठेवला, उठून उभे राहिले आणि दोन्ही खानदानांचं कौतुक सुरू केलं. काका कौतुक थोडक्यात करत नाहीत. आमच्या आजोबांपर्यंत आले तेव्हा झुंबरातून एक थेंब पेल्यात पडला. मग दुसरा पडला. मग धार लागली.

रिवाज असा की होकार येईपर्यंत त्या पेल्याला कुणी हात लावायचा नाही. काकांनी हात लावला नाही. चाळीस माणसं बघत बसली, आणि पेला भरला, बशी भरली, गालिच्यावर ओघळ आले. काका भिजत अरीजला मागत होते. रिवाजाला असा जागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अबू नायिफनी छताकडे पाहिलं आणि विचारलं की टाकीला कुणी हात लावला होता. गप्प बसता आलं असतं. पण चाळीस माणसांपुढे तांत्रिक बाजू मांडण्याची संधी पुन्हा कधी येणार होती? मी उभा राहिलो. दांडी, वीत, बोळा, पाण्याचं पाप, सगळं नीट समजावलं. बोळ्यापाशी आलो तेव्हा झुंबराचा एक दिवा फटकन फुटला.

आत बायका बसल्या होत्या, त्या खोलीतून रुदैना बाहेर आली. भरतकामाचा लांब झगा, खांद्यावर पर्स, पर्समधून काढलेला पाना. पुरुषांमधून सरळ वाट काढत म्हणाली, "आधी कुणीतरी विजेचा मेन बंद करा." आणि गच्चीवर गेली. मागोमाग अरीज बादली घेऊन. थोड्या वेळानं धार थांबली. वर दोघी मोठ्यानं हसत होत्या.

अबू नायिफ काकांना म्हणाले, "हाजसाहेब, तुमचा मान माझ्या डोक्यावर. पण या पेल्यातलं पिऊ नका." मग माझ्याकडे वळले. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "जे पाणी चालू करशील, ते बंद करायला शीक. शिकलास की हाजसाहेबांना घेऊन ये. कॉफी आमची."

पेला तसाच राहिला. आम्ही उठलो. जिन्यात काकांचे बूट पचपच वाजत होते.

२७ एप्रिल, शनिवार

शांत डोक्यानं विचार केला. हा नकार नाही. राज्यशास्त्राच्या भाषेत ही सशर्त स्थगिती आहे. दोष छताचा आहे. जुन्या बांधकामाला वीतभर पाणी सहन होत नाही यात माझा काय अपराध?

उम्म सुहैब आईचं सांत्वन करून गेल्या. जाताना रुदैनाला बाथरूमचा नळ सांगून गेल्या.

२८ एप्रिल, रविवार

काल लिहिलेलं पुन्हा वाचलं. छत काही पन्नास वर्षांत गळलं नव्हतं.

अरीजचं काय, ते लिहायला हात वळत नाही. फार वाईट वाटतं आहे.

२ मे, गुरुवार

रुदैनाशी वाटाघाटी केल्या. माझ्या मागण्या: कार्डावर माझं नाव वर, निर्णय दोघांचे. तिच्या अटी: टाय नाही, सूचना नाहीत, आणि बॅग मी उचलायची. मी ठाम राहिलो. टायबाबत थोडं नमतं घेतलं. मग सूचनांबाबत. मग बॅग उचलून पाहिली. जड आहे.

नवीन कार्डं आली: 'रुदैना, प्लंबर.' खाली फोन नंबर. बाकी काही नाही. समोरच्या छापखानेवाल्यानं विचारलं, मुतसिम कुठे गेला? ती म्हणाली, तो बॅगेमागे आहे.

१२ जून, बुधवार

ईदनंतरचं पहिलं काम. जिना चढू लागलो तेव्हा कुठला जिना आहे ते कळलं. अबू नायिफच्या घरी गीझर गळतो आहे, अबू नायिफ बाहेर, घरात आई आणि अरीज. रुदैना आत गेली. मी बॅगेसह जिन्यात.

जरा वेळानं दार बोटभर उघडलं आणि एक हात बाहेर आला. हातात कॉफीचा पेला. पायरीवर ठेवून हात आत गेला. बांगडी ओळखली. अरीजचा हात.

पेला! म्हणजे आता रिवाज माझ्याकडे होता. मी तो उचलला नाही. ताठ बसलो, काकांसारखा खाकरलो, आणि दाराकडे तोंड करून हळू आवाजात मागणं मांडलं. थोडक्यात मांडलं, वडीलधाऱ्यांचं कौतुक सोडून दिलं. होकार येईपर्यंत थेंबही पिणार नव्हतो. कॉफी निवत गेली. वरच्या मजल्यावरचा एक गृहस्थ मला ओलांडून गेला, त्यानंही पेल्याला पाय लागू दिला नाही.

दार उघडलं. रुदैना बाहेर आली, हात पुसले, पेला उचलला आणि एका घोटात संपवला. म्हणाली, "माझा पेला इथेच ठेवला होय तिनं. कॉफी गार झाली."

मी बॅग उचलून दोन जिने उतरलो. मग तीच म्हणाली, "अरीज तुझ्याबद्दल विचारत होती."

मी विचारलं, काय.

"की तुला आता पाणी बंद करता येतं का."

"मग? काय सांगितलंस?"

"खरं तेच. म्हटलं, बॅग नीट उचलतो."

कोर्सच्या पुढच्या तुकडीत अरीजही नाव घालणार आहे. उद्या सातला निघायचं. पाना पुसून ठेवला.