काठी उचलायची नाही

४ जानेवारी, रविवार

सकाळी अनूचा फोन. डेन्मार्कात बर्फ पडतोय. जावईबापूंची बदली झाली, जूनमध्ये जर्मनीत जाणार. समुद्र लांब तिथून. "बाबा, एप्रिलमध्ये दोघं या. या घरात परत काही जमणार नाही." फोन ठेवता ठेवता म्हणाली, "शेजारचे येन्सआजोबा विचारतात, घड्याळवाले कधी येणार?"

दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

गेल्या मेमधला तो मासा. कमरेएवढ्या समुद्रात उभा होतो. येन्सचे रबरी कपडे छातीपर्यंत, मला जरा ढगळच. पाणी हिरव्या काचेसारखं, तळाला गवताचे काळे पट्टे, मधे वाळू. गळ म्हणजे नुसतं पिसांचं सोंग, झिंग्यासारखं दिसणारं. ते काठीने लांब फेकायचं आणि डाव्या हाताने वीत वीत दोरी ओढत आणायची. ओढता ओढता दोरी थांबली. पलीकडून कुणी धरल्यासारखी.

आणि मी काठी उचलली.

येन्सने शंभरदा बजावलं होतं. मासा लागला की काठी उचलायची नाही. टोक पाण्याकडेच ठेवायचं, हाताने दोरी ओढत राहायची. उचलली की गळ तोंडातून निघतो. पण मुरगूडच्या नदीवर आठव्या वर्षी शिकलेला हात. तिथं जोंधळ्याच्या ताटाचा तुकडा पाण्यावर तरंगत ठेवायचो. बुडाला की हिसका, काठी आभाळात.

एक चंदेरी कूस पाण्यावर वळली. मग नुसतं पाणी. येन्सने थर्मासमधली कॉफी दिली.

९ जानेवारी, शुक्रवार

जुनं भिंग, चिमटे, आकडा पकडायला छोटा शेगडा बाहेर काढला. शाहूपुरीतलं दुकान बंद केल्यापासून डब्यातच होतं सगळं. चाळीस वर्षं मनगटी घड्याळांची केसासारखी स्प्रिंग बसवली, त्यामानाने आकड्याला पिसं बांधणं सोपं.

पिसं दस्तगीरची. दुकानाला दुकान लागून होतं आमचं, त्याचं चिकनचं. मानेवरची तांबूस पिसं निवडून, धुऊन, वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. "कोंबडा पांढऱ्या रश्श्यात गेला, मान परदेशात चालली. नशीब बघ लेका."

चमक हवी होती. सौ.ने न मागता जुन्या शालूच्या काठाची जर उसवून दिली.

"माझ्या लग्नाच्या शालूनं मासं फसवणार व्हय?"

"फसला तर सोडून देईन."

"मग फसवायचाच कशाला?"

सहा गळ तयार झाले. येन्सला पोस्टाने धाडले.

१९ जानेवारी, सोमवार

सोमवारी दस्तगीरच्या दुकानात गिऱ्हाईक नसतं. सकाळी मैदानावर गेलो दोघं. काठी येन्सनेच दिलेली, चार तुकड्यांत घडी होते. गळाच्या जागी लोकरीचा गोंडा. टाकण्याची सवय अजून आहे हाताला. दोरी मागे सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे. त्या थांबण्यात सगळी गंमत. शाळेत कविता म्हणताना आमचे गुरुजी ओळीच्या मधे असेच थांबायचे. मुरगूडच्या वर्गात समुद्र कुणीच पाहिला नव्हता, गुरुजींनीसुद्धा. पण समुद्राची कविता म्हणताना त्यांचे डोळे खिडकीबाहेर उसाच्या पलीकडे लागायचे, आणि आम्हाला तिकडे समुद्र आहेसं वाटायचं. अजून वाटतं.

फिरायला आलेला एक जण थांबला. "पावणं, मासं हिकडं न्हाईत. रंकाळ्यात हाईत."

दस्तगीर म्हणाला, "मीच मासा हाय. तुमी फिरा."

युक्ती त्याचीच. दोरी सैल मुठीतून सरकू देत तो वीस पावलांवर उभा राहतो, मी दोरी ओढत आणायची, त्याच्या मनात येईल तेव्हा तो गच्च धरणार. "सांगून धरणार न्हाय. मासा सांगतो व्हय?"

सात वेळा धरली. सातही वेळा माझी काठी वर.

"सुटला की. परत सुटला. अरं विष्णू, हात हाय का पंप?"

२ फेब्रुवारी, सोमवार

आज नऊ. नऊच्या नऊ सुटले.

दस्तगीरने विचारलं, एवढं कसलं सोनं लागून गेलंय त्या माशाला. सांगितलं, ट्राउट. जन्मतो गोड्या नदीत, मोठा व्हायला समुद्रात जातो, मग परत नदीत येतो. तो विचार करून म्हणाला, "म्हंजे पुण्याला नोकरीला गेल्यालं पोरगं. ह्यो परत तरी येतोय."

घरी येताना दोन ओळी जुळल्या.

हिरव्या काचेचे पाणी, तळी गवत डोलते
कोणी न बोलवी मला, तरी कानात बोलते

दुसरी बरी आहे. पहिली शाळकरी.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

व्हिसासाठी पुणे. पहाटेच्या गाडीने गेलो, रात्री परत. सौ.चं पाच मिनिटांत झालं. माझे गेल्या वेळचे बोटांचे ठसे पुसट म्हणून नवे घ्यायचे होते. काचेवर बोटं ठेवली, यंत्राने काही घेतली नाहीत. काउंटरवरची मुलगी भली होती. "आजोबा, जरा दाबून. आता पुसून. परत एकदा." अंगठे उमटले, बाकीची बोटं जेमतेम. पेट्रोलमध्ये घड्याळांची चक्रं धुतली चाळीस वर्षं. सगळी रेघ तिकडे गेली.

तिने कागदावर काहीतरी शेरा लिहिला. "तपासणीला वेळ लागेल बहुतेक."

गाडीत सौ. माझा हात उलटासुलटा करून बघत होती. "दिसत्यात की रेघा. मला दिसत्यात."

२ मार्च, सोमवार

दस्तगीरचे रोजे चालू. तरी आला. मी म्हटलं, उन्हात पाण्याशिवाय उभा कशाला राहतोस. "मासा हाय मी. पाण्यातच हाय."

अकरा. अकरा सुटले. एकदा हात थांबलाय असं वाटलं, पण टोक वर गेलंच होतं. गुडघा दुखतोय.

हाताला कळत नाही, की त्याला कळून घ्यायचंच नाही?

१५ मार्च, रविवार

अनूचा फोन. येन्स काल आपला गळ घेऊन समुद्रात गेला होता. आपला, म्हणजे दस्तगीरचं पीस, सौ.ची जर. पाणी अजून बर्फासारखं. घराखालच्याच खडकापाशी, मी उभा होतो तिथे, चांगला हातभर मासा लागला.

"मग?"

अनू हसली. "सुटला, बाबा. येन्सआजोबा म्हणतात, मी काठी उचलली."

साठ वर्षं तो माणूस त्या पाण्यात उभा आहे. तो काठी उचलतो?

सौ.ला सांगितलं. ती शेंगा सोलत होती. "खोटं बोलतोय म्हातारा." जरा वेळाने, "चांगला हाय."

खोटं असेल. पण मला तो खरंच दिसतोय, काठी वर गेलेला, तोंड उघडं राहिलेला. तिकडे येन्स आणि इकडे मी, मधे तो एकच मासा, दोघांचाही नव्हे. त्याला पत्र लिहायला बसलो. "प्रिय येन्स" च्या पुढे सरकेना.

२१ मार्च, शनिवार

ईद. दस्तगीरकडे शिरखुर्मा. त्याला येन्सचं सांगितलं. त्याला आधी आपल्या कोंबड्याचं कौतुक. "पीस धरलं न्हवं माशानं? मग झालं. उरलेलं तुमचं तुमी बघा."

२४ मार्च, मंगळवार

कुरिअर आलं. सौ.चा पासपोर्ट, आत व्हिसा चिकटवलेला. माझा नाही. फोन केला तर "तपासणीत आहे." विमान अकरा एप्रिलचं.

सौ.ने आपला पासपोर्ट देवापुढे ठेवला आणि शेजारी तेवढीच जागा मोकळी सोडली. मी पाहिलं ते तिने पाहिलं.

"मी एकटा न्हाय जाणार," म्हणाली. कोल्हापुरातल्या बाया बोलतात तसं, पुरुषासारखं.

"नातू वाट बघतोय तुझी."

"नातवाला फोनवर बघतो. तुमाला त्या पाण्यात उभं असल्यालं फोनवर कसं बघू?"

गेल्या वर्षी ती त्या घराच्या खिडकीत बसून मला बघायची, हे मला माहीत होतं. किती वेळ बसायची ते माहीत नव्हतं. आज बोलता बोलता कळलं. मी पाण्यात असेपर्यंत.

३१ मार्च, मंगळवार

काही नाही.

तिने बॅग काढली आहे. माझे लोकरीचे पायमोजे तळाशी, वर तिच्या साड्या. जाणार की नाही ते बोलत नाही. भरते आहे.

पुण्याला फोन. "तपासणीत."

६ एप्रिल, सोमवार

ऊन सात वाजताच चढलेलं. जाऊ नये असं वाटत होतं, दस्तगीर दारात येऊन उभा. "मासा तयार हाय, कोळी कुठाय?"

मैदानावर काठी जोडली. खरं तर आज मन त्यात नव्हतं. पासपोर्ट, पाच दिवस, अनू, जर्मनी, हे सगळं डोक्यात. गोंडा टाकला. दोरी ओढत होतो, वीत, आणि वीत. मैदानाच्या कडेचा उन्हाचा पट्टा हिरवट दिसत होता. खिडकीबाहेर बघणारे गुरुजी आठवले.

दोरी थांबली.

डावा हात मागे गेला. लांब, सावकाश. काठीचं टोक खालीच. दोरी ताठ होऊन किंचित वाजली. पलीकडे दस्तगीरचा हात खांद्यातून पुढे आला, तो एक पाऊल ओढला गेला.

त्याने आधी दोरीकडे पाहिलं, मग काठीच्या टोकाकडे.

मग त्याने विचारलं, हळू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडून नाही, "बसला न्हवं?"

"बसला."

त्याच्या बोटाला दोरी रुतली होती, दिसत होतं. मूठ मात्र उघडली नाही. दोन म्हातारे भर उन्हात दोरीच्या दोन टोकांना.

"आता काय करू? सोडू का धरून ठिवू?"

म्हटलं, "धर जरा वेळ."