हळदीतला सामना

तीर्थपुरी,
१० ऑक्टोबर १९७४

चि. वसंतास,
सप्रेम जयभीम आणि अनेक आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. एका कार्डात तू सगळं कॉलेज कोंबतोस आणि आजोबासाठी शेवटी दीड ओळ ठेवतोस. पुढच्या खेपेला अंतर्देशीय घेत जा. तुझी आई कौसल्या मला विचारते की पोरगं जेवतं का, झोपतं का, आणि मी त्या दीड ओळीत काय शोधून तिला सांगू.

इकडे कापूस फुटायला लागलाय. दुष्काळाच्या सालांनंतर पांढरं शेत पाहिलं की डोळ्यांना विश्वास बसत नाही. संध्याकाळी मी शाळेच्या ओट्यावर जाऊन बसतो. पेन्शनीतल्या मास्तरला दुसरी जागा तरी कोणती. तुला ठाऊक आहे, याच शाळेच्या खिडकीबाहेर बसून मी लहानपणी कविता शिकलो. आत बसायची आपल्या लोकांना मुभा नव्हती. आत गुरुजी वृत्तं म्हणायचे, बाहेर मी मातीवर बोटानं ठेका धरायचो. गुरुजींचा चेहरा आज आठवत नाही, कारण तो मी फारसा पाहिलाच नाही. आवाज मात्र पाऊस थांबल्यावर पन्हाळीतून ठिबकावा तसा अजून कानात ठिबकतो.

तुझा बास्केटबॉलही मी असाच न पाहता शिकतोय. मनात एक मैदान केलंय. दोन उंच खांब, त्यांना बिनबुडाच्या टोपल्या, आणि दहा पोरं एका चेंडूमागे. दुपारी डोळा लागला की तुम्ही त्यात खेळता, आणि चेंडू वर जातो तो खाली येतच नाही.

आता हंगाम तोंडावर आला. कारभारी पाटील परवा वाटेत भेटला, माझा जुना विद्यार्थी. त्याचा सर्जेराव तुझ्याच संघात, त्यामुळे त्यालाही उत्सुकता आहे. यंदा तरी पहिली फेरी जिंकाल का, ते खरं खरं लिही.

पत्राची वाट पाहणं हाच आता माझा उद्योग आहे, तो बंद पाडू नकोस.
तुझा,
आबा


जालना,
१९ ऑक्टोबर १९७४

ती. आबांच्या सेवेशी,
सविनय जयभीम, वि. वि.

हे घ्या अंतर्देशीय. आईला सांगा, बराबर जेवून राह्यलो, मेसची आमटी सोडून.

हंगामाचं विचारलंत. गेल्या सालच्या पाचातले दोघं गेले, एक पोलिसात लागला, एक एसटीत कंडक्टर झाला. नवी पोरं चपळ आहेत पण बुटकी, माझ्यासारखीच. चेंडू एक चांगला आणि एक ठिगळाचा. सगळी भिस्त सर्जेरावावर. उन्हाळ्यात तो आणखी वाढला, आता टोपलीखाली उभा राह्यला तर समोरच्याला आभाळ दिसत न्हाई. उंचीनं म्हणाल तर आसपासच्या कॉलेजात त्याला जोड न्हाई.

पण त्याची एक खोड जात न्हाई. चेंडू आपटत पळायचं, मंग हातात धरला की फक्त दोन पावलं टाकायची आणि उडी मारून टोपलीत टाकायचा. तिसरं पाऊल पडलं की पंच शिट्टी मारतो, चेंडू समोरच्याला. सर्जेराव दर वेळी तिसरं टाकतो. म्हणतो, एवढे लांब पाय घेऊन दोनात कसं भागवू. आमच्या खेळाच्या अप्पाराव सरांनी समजावलं, रागावले, मैदानाला चकरा मारायला लावल्या. काही फरक न्हाई.

खरं सांगायचं तर काळजीच आहे. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की हे लोक दर साली पहिल्याच फेरीत हरून परत येतात. यंदाही तसंच झालं तर खांब उपटून तिथं सायकल स्टँड करायचा. माझं हे शेवटचं वर्ष, आबा. आपल्या हातून मैदान बंद पडलं असं व्हायला नको.

थोडकं लिहिलं, जास्त समजून घ्या. लोभ नेहमीसारखा, म्हणजे जरा जास्तच असू द्या.
आपला,
वसंता


तीर्थपुरी,
२७ ऑक्टोबर १९७४

चि. वसंतास,
जयभीम व आशीर्वाद.

तुझं पत्र मी ओट्यावर नेऊन पुन्हा वाचलं. चेंडूचा एक टप्पा, मग दोन पावलं, मग उडी. वाचता वाचता माझं बोट आपोआप मातीत गेलं. अरे, हा तर लगागा. एक लघु आणि दोन गुरू. टप्पा आखूड, पावलं लांब. असे चार लगागा मांडले की भुजंगप्रयात होतो, मी तुला पाटीवर शिकवलेला, आणि तू पाटी धुवून विसरलेला.

सर्जेरावाला पावलं मोजायला सांगू नका. मोजणारा माणूस नेहमी एक जास्तच मोजतो. त्याला म्हणायला सांगा, ल गा गा, आणि तिसऱ्या अक्षराला जमीन सोड. वृत्तात एक अक्षर जास्त झालं की कान लगेच दुखतो, शिट्टीची गरजच पडत नाही. त्याच्या बापाला मी हेच वृत्त शिकवलं होतं. कारभारी सुरात अगदीच कच्चा, पण ठेक्यात पक्का होता. रक्तात असेल तर येईल.

हसू नकोस. हसलास तरी करून बघ. कौसल्या चकल्या तळण्याच्या गोष्टी करते आहे, पहिल्या चकलीवर तुझं नाव आहे.

तिकडच्या पोरांना माझ्या वाटणीचं प्रेम सांग.
तुझा,
आबा


जालना,
२० नोव्हेंबर १९७४

ती. आबांच्या सेवेशी,
सविनय जयभीम, वि. वि.

दिवाळीत घरी आल्तो तेव्हा हे बोलायचं टाळलं, कारण पक्कं झाल्तं न्हाई. आता झालं.

आधी चांगलं सांगतो. लगागा चाललं. आधी पोरांनी सर्जेरावाला लई चिडवलं, कीर्तनकार म्हणू लागले. पण तो पुटपुटत पळतो आणि तिसऱ्या अक्षराला खरंच जमीन सोडतो. रेल्वेच्या नोकरवर्गाच्या संघाला आम्ही सरावात हरवलं. अप्पाराव सर कधी कौतुक करत न्हाईत, ते म्हणाले की या सालचं काही खरं आहे. आता सामन्याची दोरी आपल्या हातात आहे असं पहिल्यांदा वाटून राह्यलं. पहिला सामना अंबडच्या कॉलेजशी, ८ डिसेंबर, रविवार, जालन्याला.

आता दुसरं. सर्जेरावाचं लग्न ठरलं. तुळशीचं लग्न झालं की लगेच, ९ तारखेला, पाटलांच्या दारी. मुलीकडचे तिकडेच येणार. हळद सात तारखेला लागणार. आणि द्वारकाबाई, म्हणजे त्याची आजी, तिनं बजावलं की हळद लागल्यावर नवरदेवानं वेस ओलांडायची न्हाई. बिलकुल न्हाई. सर्जेराव बापाला बोलला, बाप आजीकडं बोट दाखवतो. सामन्याची तारीख विद्यापीठाची, ती हलत न्हाई. तो नसला तर आम्ही संपलो.

आबा, तुम्ही बोलाल का त्यांच्या घरी. काय मागून राह्यलो ते मला कळतं. तुम्ही त्या घराच्या पायरीच्या वर कधी गेला न्हाईत. नको वाटलं तर नका जाऊ, मी काही मनात धरणार न्हाई.

आपला,
वसंता


तीर्थपुरी,
२५ नोव्हेंबर १९७४

चि. वसंतास,
जयभीम व आशीर्वाद.

गेलो होतो. कारभारी उठून उभा राहिला आणि त्यानं बैठकीत खुर्ची ठेवली. चहा घरातल्याच कपबशीतून आला. घरी येऊन कौसल्येला मी आधी तेच सांगितलं, सामन्याचं मागून.

द्वारकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं की मास्तर, हा खेळ किती जुना. मी म्हणालो, फार नसावा. त्या म्हणाल्या की हळद त्याच्याहून जुनी आहे. कारभारी हसला, मीही हसलो, त्या हसल्या नाहीत. मग हळूच सांगितलं. त्या नव्या सून असताना धाकट्या दिराचं लग्न होतं. हळद लागलेली, आणि तो वाजंत्री आणायला अंबडला निघाला. ओढ्याला अवेळी पाणी आलं, गाडी बैलांसकट वाहून गेली, तो परत आलाच नाही. त्याला हळद यांनीच लावली होती. त्यानंतर या घरातला एकही नवरदेव वेशीबाहेर गेला नाही. एवढं सांगून त्या आपल्या तळहातांकडे बघत बसल्या. मी जयभीम घालून उठलो.

परतताना शाळेच्या मैदानापाशी पाय थांबले. ऊन कलतं होतं, पोरं विटीदांडू खेळत होती. आणि मला ते माझ्या मनातलं मैदान दिसलं, तिथंच, लिंबाच्या सावलीला. नवरदेव वेशीबाहेर जात नाही. पण सामन्याला वेशीच्या आत यायला कोणी अडवलंय? तसाच माघारी फिरलो. द्वारकाबाई म्हणाल्या की आख्खं अंबड आलं तरी येऊ द्या, लग्नघरात पंगतीला काय तोटा आहे.

आता अंबडवाल्यांचं तू आणि तुझे सर बघा. मैदानाची मापं पाठव.

जीव धरून रहा.
तुझा,
आबा


जालना,
१ डिसेंबर १९७४

ती. आबांच्या सेवेशी,
सविनय जयभीम, वि. वि.

जमलं. अंबडच्या सरांना आधी थट्टा वाटली. मंग लग्नघरचं जेवण आहे म्हटल्यावर त्यांच्याच पोरांनी त्यांना गळ घातली. विद्यापीठाचं पत्र आलं की दोन्ही कॉलेजं राजी असली तर जागा कोणतीही चालेल, मैदान फक्त मापाचं हवं. मापं सोबत लिहिली आहेत.

पोरं विचारून राह्यली, मैदान कोण आखणार. मी सांगितलं, आमचे आबा, ज्यांनी हा खेळ कधी पाह्यला न्हाई ते. अप्पाराव सर सोडून सगळे हसले.

आपला,
वसंता


तीर्थपुरी,
५ डिसेंबर १९७४

चि. वसंतास, जयभीम.

कार्डावरच लिहितो, मैदान आखायच्या फक्कीनं हात पांढरे आहेत. कचरू लोहारानं दोन कड्या करून दिल्या. खांब बाभळीचे. त्यावर फळ्या हव्या होत्या, तर हेडमास्तरांनी शाळेचे जुने काळे फळे काढून दिले. ज्यावर मी इतकी वर्षं कविता लिहिल्या त्यावर आता चेंडू आपटणार, हे मला आवडलं. जमीन चोपून खळ्यासारखी केली आहे. तुम्ही फक्त या.

आबा


जालना,
९ डिसेंबर १९७४

ती. आबांच्या सेवेशी,
सविनय जयभीम, वि. वि.

काल लॉरी थांबली होती आणि आज सकाळी माझी चाचणी परीक्षा होती, म्हणून धड बोलणं झालं न्हाई, सर्जेरावाच्या लग्नालाही थांबता आलं न्हाई. प्राचार्यांना सकाळीच सांगितलं की एका गुणानं जिंकलो. ते म्हणाले, सायकल स्टँड दुसरीकडं करू. एवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले.

एक गोष्ट मात्र अजून उलगडली न्हाई. पूर्वेच्या कोपऱ्यात चेंडू गेला की सर्जेराव थबकायचा. आम्हाला वाटलं हळदीनं पाय घसरून राह्यला. अंबडच्या पोरांना आमच्याआधी कळलं की हा तिकडं येतच न्हाई. त्यांनी आपला नेमबाज तिथं उभा केला आणि तो निवांत टोपल्या भरू लागला. मधल्या सुट्टीत सर्जेरावानं मान खाली घालून सांगितलं की तो कोपरा वेशीबाहेर पडतो. मी म्हणलं, हरलो.

मंग दुसऱ्या डावात पंचांनी शिट्टी मारली, आणि पाहतो तर द्वारकाबाई मैदानात. मी दुसऱ्या टोकाला होतो, काही ऐकू आलं न्हाई. त्या गेल्या आणि सर्जेराव कोपऱ्यात धावला, एवढंच दिसलं. तुम्ही जवळ होतात. काय झालं?

आपला,
वसंता


तीर्थपुरी,
१२ डिसेंबर १९७४

चि. वसंतास,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

चूक माझीच होती. वेशीची कमान पडून जमाना झाला, पण वेस कुठून जायची हे गावात प्रत्येकाला ठाऊक आहे. मी मैदान आखताना लिंबाची सावली पाहिली, मापं पाहिली, आणि वेस विसरलो. एक कोपरा पलीकडे गेला, आपल्या वस्तीच्या बाजूला. जिच्याबाहेर मी जन्मलो आणि जिच्याबाहेर आजही राहतो तीच रेघ मी विसरावी, याचं मला दुःख करावं की कौतुक, ते अजून ठरत नाही.

सर्जेराव पहिल्यांदा थबकला तेव्हाच मला कळलं. पिवळे हातपाय, पिवळं कपाळ, आणि पाय जणू कोणी खिळवलेत. त्याची नवरदेवाची कट्यार, टोकाला खोचलेल्या लिंबासकट, माझ्याच मांडीवर होती. पंच म्हणाले होते की ती घेऊन खेळता येणार नाही, तेव्हा द्वारकाबाईंनी इकडे तिकडे पाहून ती माझ्या हाती दिली. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या. अंबडचा पोरगा त्या कोपऱ्यातून एकामागून एक टाकत होता, आणि त्या नातवाकडेच बघत होत्या. खेळ त्यांना कळत नव्हता. नातू कशाला घाबरतोय, ते मात्र कळत होतं.

मी म्हणालो की बाई, आखणी चुकली, माफ करा. त्यांनी ऐकलंच नाही बहुतेक. उठल्या, फक्कीची बादली उचलली आणि सरळ आत गेल्या. पंचांनी शिट्टी मारली, तिचा काही उपयोग नव्हता. त्यांनी ओंजळीनं फक्की सोडत त्या कोपऱ्याच्या बाहेरून रेघ ओढली. वाकडीतिकडी, मध्येच तुटलेली. मग सर्जेरावाला म्हणाल्या की वेस आता इथं आहे, मी सांगून राह्यले, आता काय ते खेळ. परत येऊन बसल्या आणि पदरानं तळवे पुसत राहिल्या, पांढरं जाईना तरी पुसत राहिल्या. पुढचा सामना त्यांनी पाहिला नाही. त्यांनी डोळे मिटले होते. पोरांचा ओरडा झाला तेव्हा त्यांनी मला एवढंच विचारलं की तो परत आला का. मी सांगितलं, आला, इथंच आहे.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. संध्याकाळी वरात निघाली. गावची रीत आहे की वरात वेशीपर्यंत जाऊन फिरते. कौसल्या आणि आपल्या गल्लीतल्या बाया नेहमीसारख्या लांबून बघायला निघाल्या होत्या. वाजंत्रीवाले जुन्या जागी थांबले आणि वळू लागले. तेव्हा द्वारकाबाई मागून पुढं आल्या आणि त्यांना विचारलं की वळता कुठं, वेस अजून पुढं आहे.

वरात शाळा ओलांडून आपल्या गल्लीच्या तोंडाशी आली, वसंता. बत्त्यांच्या उजेडात ती फक्कीची रेघ दिसत होती. बायांना लांब जावंच लागलं नाही. घोडा आपल्या दारासमोर वळला, आणि सर्जेराव वरून मला पाहून काहीतरी पुटपुटला. कौसल्येनं घरातून पाण्याचा तांब्या आणला आणि घोड्याच्या पायावर ओतला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि कोणी अडवलंही नाही.

तुझ्यावरची माया आता वेशीच्या आतून लिहितो, बाहेरून नाही, एवढाच फरक.
तुझा,
आबा