लॉक किंचित सैल

२५ सप्टेंबर, गुरुवार
चाकू आला. फोल्डिंग, पातळ, लवचिक पातं. नाव फिलेट नाइफ. फिलेट म्हणजे आतल्या कोपऱ्याची गोलाई. ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं हेच काढतोय. म्हणजे खास इंजिनीअरिंगचा चाकू. घरात सुरी, कात्री, विळी एवढा पसारा हवा कशाला? संकल्प: दिवाळीपर्यंत सगळं कापणं एकाच चाकूवर.

२७ सप्टेंबर, शनिवार
दोडका, सुतळी, दुधाची पिशवी, कुरिअरचं खोकं. सगळं कापलं. अंगठाही, थोडासा. पातं वाकतं, हाच दर्जा. रेवती म्हणाली, विळी एका जागी बसते, हे आपल्या मनाने चालतं. सव्वीस वर्षं माझ्याबरोबर राहून टूल्स कळत नाहीत तिला. सुरी-कात्री शेजारच्या दुर्गाताईंना देऊन टाकली.

१ ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी
चाकू उघडून देवापुढे ठेवला. रेवतीने तिच्या आईच्या विळीलाही हळदकुंकू वाहिलं. ती आत गेल्यावर मी पात्यावर फूल ठेवलं आणि चाकू आपोआप मिटला. टक्. नुसतं फूल. तिला सांगितलं नाही. सणाचा दिवस.

४ ऑक्टोबर, शनिवार
सदर बाजारात धार लावणाऱ्याला दाखवला. तो म्हणाला, बाबूजी, धार तो बहुत है, लॉक में दम नहीं, किसी दिन हाथ पर बंद हो जाएगा. याला आमच्याकडे क्लिअरन्स म्हणतात, दोन भागांत मुद्दाम ठेवलेली फट. त्याला काय सांगणार.

८ ऑक्टोबर, बुधवार
पेरू कापताना पुन्हा मिटला. बोटं वेळेवर काढली. युक्ती सापडली: पातं पिळायचं नाही, हिसडा द्यायचा नाही. मला जमतं. रेवतीला सांगणार होतो, पण ती म्हणेल परत करा. परत करायची मुदत रविवारीच संपली.

१२ ऑक्टोबर, रविवार
विळी पोत्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. रेवतीने विळीची जागा तेवढी दोनदा पुसली.

१५ ऑक्टोबर, बुधवार
फराळ सुरू. तिने चाकू घेतला की माझं सगळं लक्ष तिच्या बोटांकडे. तीनदा म्हणालो, दे, मी कापतो. ती हसली. म्हणाली, एवढी काळजी लग्नानंतर पहिल्यांदाच दिसली. लॉकचं उद्या सांगतो.

१६ ऑक्टोबर, गुरुवार
पुण्याहून शमिकाचा फोन आला, रेवती लेकीशी तासभर बोलत बसली. राहिलं. उद्या सकाळी चहाबरोबर नक्की.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार
चहाच्या वेळी ती खुशीत होती. मूड कशाला घालवायचा.
दुपारी माझा डोळा लागला. ती चिवड्यासाठी सुक्या खोबऱ्याचे काप करत होती. पातं खोबऱ्यात अडकलं, तिने हिसडा दिला. टक्. तो आवाज मी झोपेतही ओळखला.
तीन बोटं, सात टाके. रुमालात गुंडाळून नेलेला चाकू बघून डॉक्टर म्हणाले, भाभीजी, मछली बना रही थीं क्या? ये तो मछली काटने वाला चाकू है. रेवतीने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, आणि हा चाकू देवापुढे होता. मधलं बोट पूर्ण वाकेल की नाही, ते दोन महिन्यांनी कळेल.

१९ ऑक्टोबर, रविवार
चाकू कचऱ्याच्या गाडीत टाकला. विळी खाली काढली. पाटावर बसून उरलेलं खोबरं मीच चिरलं. रेवती खुर्चीवर, हात उशीवर. हळू, बोटं आत घ्या, म्हणत होती.
मग तिने विचारलं, तो असा मिटतो, हे तुम्हाला माहीत होतं?
म्हणालो, नाही.
ती म्हणाली, तेच. माहीत असतं तर सांगितलंच असतं तुम्ही.
तिने लगेच विश्वास ठेवला. फार लाज वाटली.
आठ तारखेचं, त्या युक्तीचं पान कापून टाकायचं ठरवलं आहे. पण कात्री दुर्गाताईंकडे. मागायला गेलो तर त्या विचारतील, कशाला हवी.