गार्डसाहेब, एक हाय!

आबा, लिहिण्यात चुका होतील, रागवू नका. नववीतच शाळा सोडली, आन मोबाइलवर एका बोटानं टाइप करते. चार ओळी व्हायला पॅसेंजर करमाडहून आपल्या हॉल्टला येते तेवढा वेळ लागतो. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, पण मी तुमच्याच तिकिटाच्या खिडकीत बसलेय. हॉल्ट तसंच हाय. एक खोली, एक लिंब, भोंगा नाय, सिग्नल नाय. तिकीट मागताना कुणी औरंगाबाद म्हणतं, कुणी संभाजीनगर. मी दोघांना एकच तिकीट देते.

शिंपीकाकांचा दिवस तुम्हाला आठवत असंल. नवरदेवाचा कोट खांद्यावर टाकून काका बांधावरून पळत येत होते. एरवी कुणी पळत दिसलं की तुम्ही बाहेर येऊन हात वर करून ओरडायचे, ‘गार्डसाहेब, एक हाय!’ मग गार्डसाहेब हिरवी झेंडी खाली घ्यायचे. त्या दिवशी तुम्ही एका म्हातारीला डब्यात चढवत होता, बांधाकडं तोंड माझं होतं. गाडी गेली. तुम्ही काकांना सायकलवर डबलसीट घेऊन करमाडला पळवलं. तिथं पॅसेंजर क्रॉसिंगला थांबते म्हणून सापडली, नायतर नवरदेव बनियनवरच उभा राहिला असता. घामाघूम होऊन आलात आन मला म्हणालात, ‘काका दिसले नव्हते का गं?’ मी मान हलवली, नाय. तुम्ही म्हणालात, ‘दिसलं की ओरडायचं. चुकलं तर लोक हसतील. हसून हसून किती हसतील? गाडी सुटेपर्यंत.’

तुमच्यानंतर आईनं खिडकी चालवली, ओरडायचं कामपण तिचंच. मागच्या महिन्यात तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं सांगितलं, महिनाभर तोंडातून एक शब्द काढायचा नाय. मग खिडकीत मी. तिकीट द्यायला बोलावं लागत नाय, पण माझ्या तोंडातून हाक निघंना. पहिल्याच आठवड्यात दोघांची गाडी चुकली. लोक माझ्यासमोरच म्हणायला लागले, ‘पोरगी मुकी हाय, खिडकी दुसऱ्याला द्यायला सांगा.’ आई काय बोलणार? ताटावर चमचा आपटून माझ्यावर ओरडायची. आबा, ही खिडकी गेली असती तर आमच्याकडं तुमचं काय राहिलं असतं?

सोमवारी गाडी उभी हाय, गार्डसाहेब झेंडी वर करतायत, आन मला बांधावर खाला दिसते. आपल्या शेजारची, गुडघे दुखणारी खाला, चप्पल हातात घेऊन पळतेय! दवाखान्याला निघाली असंल, असं वाटलं. मी बाहेर आले, डोळे मिटले आन ओरडले, ‘गार्डसाहेब, एक हाय!’ लिंबावरचे कावळे उडाले. गाडी थांबली. समदी माणसं खिडक्यांतून बघायला लागली. खाला आली, आन प्लॅटफॉर्मवरून सरळ पुढंच पळत निघाली.

मी म्हणाले, ‘खाला, गाडी इकडं हाय!’

‘अगे बेटी, मेरेकू कां जाना है? बकरी छूटी मेरी!’

बकरी खोलीमागच्या तुरीत घुसली होती, मला दिसलीच नव्हती. डबा न् डबा हसला. गार्डसाहेब म्हणाले, ‘आता थांबवलीच हाय तर बकरीचं तिकीट काढ.’ माझे कान तापले. मग झेंडी हलली, गाडी सुटली, आन खरंच, हसणं गाडीबरोबर गेलं. मी, खाला आन बकरी तेवढ्या राहिलो. मग मलाच हसू फुटलं. आई दारात ओठ दाबून, पोट धरून हसत होती.

आता रोज कुणीतरी विचारतं, ‘आज बकरी नाय का?’ पण गुरुवारी नर्सताई उशिरा पळत आल्या तवा माझी हाक आपसूक निघाली, आन त्या डब्यात चढल्या. खिडकी दुसऱ्याला द्या, असं आता कुणी म्हणत नाय.

हे कुठं पाठवायचं, ते मला माहीत नाय, मोबाइलमधीच राहील. पण एक सांगायचं होतं. शिंपीकाका मला दिसले होते, आबा. कोटाची बटणंसुद्धा दिसली होती.

थांबा, फोन आला. पिशोरच्या मावशीला जुळ्या पोरी झाल्या! दोघी लई रडतायत, दवाखाना डोक्यावर घेतलाय म्हणं.