‘तपासले, ठीक’ या चिठ्ठीखालचा लाल दिवा

प्रिय दादा,

तुला साष्टांग नमस्कार. (गुडघे सध्या वाकत नाहीत, तेव्हा तो खुर्चीत बसूनच घातला आहे असं समज, भावना मात्र पूर्ण लांबीची आहे.) इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तुझी तब्येत विचारत नाही, कारण तू ‘मजेत’ म्हणणार, आणि तुझ्या ‘मजेत’वर माझा आता विश्वास उरलेला नाही. भिंगाची काच पुसून घे. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. मागचं पत्र तू लाल पेन्सिलीनं एकवीस ठिकाणी दुरुस्त करून, खाली ‘मजकूर बरा’ असा शेरा मारून परत पाठवलंस. छापखाना सोडून अकरा वर्षं झाली, पण तुझी पेन्सिल काही निवृत्त झाली नाही.

विषय गाडीचा आहे. गाडी सुखरूप आहे. (हे वाक्य सगळ्यात आधी लिहा, असं तुझ्या भावजयीनं बजावलं होतं. ते दुसऱ्या परिच्छेदात आलं, हे तिला सांगू नकोस.)

तुला माहीत आहे की मी जो काही झालो तो कानांमुळे झालो. तू पुस्तकं शिकलास, मी आवाज शिकलो. जळक्या मोटारींच्या तारा सोडवत एका कोपऱ्यात बसायचो तेव्हापासून, आज चार माणसं हाताखाली असलेल्या पंपदुरुस्तीच्या दुकानापर्यंत, मी एकही पंप आधी ऐकल्याशिवाय उघडलेला नाही. बेअरिंग कुरकुरतंय की पंखा घासतोय, हे मी फोनवरून सांगतो. त्यामुळे दोन महिन्यांपूर्वी, डोळ्यांच्या डॉक्टरनं तुझं गाडी चालवणं बंद केलं आणि तू किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणालास, “दर रविवारी तेल बघत जा,” तेव्हा मी हो म्हणालो आणि मनात हसलो. तीस वर्षं तुला रविवारी सकाळी बॉनेटमध्ये डोकं घालून उभा राहिलेला पाहिलं आहे. मला वाटायचं, छापखान्याला सुट्टी असल्यामुळे तुला तपासायला दुसरं काही मिळत नाही. आपण आवाज ऐकावा, आवाज गोड असला की गाडी ठीक.

गाडीचा आवाज गोडच होता. फक्त वळणावर समोर एक लाल दिवा लुकलुकायचा. त्यावर चहाच्या किटलीचं चित्र, आणि किटलीच्या तोंडाशी एक थेंब. आता मला सांग, हे चित्र बघून कुणाला काय वाटेल? मला वाटलं, काचेवर उडवायचं पाणी संपलं. पाणी भरलं. (चुकून त्यात कपडे धुण्याचा साबण जास्त पडला. एकदा काच धुवायला गेलो तर समोरचा रस्ताच दिसेनासा झाला. मागचा टॅक्सीवाला ओरडला, “काका, आंघोळ घरी करा!”) काच झाली चकचकीत, पण किटली पेटायची ती पेटायचीच. शेवटी दिव्याचंच काहीतरी बिघडलं असणार असा निष्कर्ष काढून मी दुकानातली चिठ्ठी त्यावर चिकटवून टाकली. दुरुस्त झालेल्या पंपावर आम्ही लावतो तीच. तूच छापून दिली होतीस: ‘तपासले, ठीक’. त्यातला स्वल्पविरामही तुझाच.

त्यानंतर तीन आठवडे गाडी अगदी शांत होती. दुकानासमोरच्या उतारावर ती उभी असते तिथे खाली एक काळा डाग वाढत चालला होता, पण तो मी शेजारच्या छपाईवाल्याच्या टेम्पोचा मानला. एवढंच नाही, त्याला चार शब्द सुनावले. तोही बिचारा ‘बघतो’ म्हणाला.

गेल्या शुक्रवारी आम्ही दोघं दंतवैद्याकडून परत येत होतो. तुझ्या भावजयीचा अर्धा जबडा बधिर. म्हटलं, आज शांततेत घरी पोहोचू. पण तिची नजर चिठ्ठीवर गेली. चिठ्ठीच्या कडेनं लाल उजेड येत होता, पडद्याआडून यावा तसा. तिनं नखानं चिठ्ठी सोलली. किटली आता लुकलुकत नव्हती, सरळ जळत होती. अर्ध्या तोंडानं ती म्हणाली, “थांबवा.” मी म्हणालो, “अगं, आवाज बघ कसा आहे, लोण्यासारखा.” ती म्हणाली, “आवाज तुमचा बंद करा आणि गाडीचापण.” लाकडाच्या वखारीच्या भिंतीशी गाडी घेतली आणि किल्ली फिरवली. आमच्या संसारात मी तिचं पहिल्या सांगण्यात जवळजवळ ऐकलं, असा हा दुसरा प्रसंग.

मग बॉनेट. ते उघडायची खिटी शोधताना मी आधी मागची डिकी उघडली, नंतर पेट्रोलचं झाकण. वखारीतली माणसं करवत थांबवून बघायला लागली. शेवटी बॉनेट उघडलं, तेलाची पट्टी ओढून काढली, तर ती वरपासून खालपर्यंत तेलानं माखलेली. मी विजयानं जाहीर केलं, “काठोकाठ आहे!” तुझ्या भावजयीनं तोवर गॅरेजला फोन लावला होता.

तुझा जुना मेकॅनिक आता बसून असतो. गॅरेज त्याची मुलगी बघते. ती स्कूटरवर तेलाचा डबा पुढ्यात ठेवून आली. मला नमस्कार नाही, चमत्कार नाही, गाडीच्या टपावर हात ठेवून म्हणाली, “ही मोठ्या काकांची ना? हिला काय केलंत?” जशी काही मी तुझी मुलगी सासरी उपाशी ठेवली. मग तिनं धडा दिला. गाडी सपाटीवर हवी, उतारावर पट्टी खोटं बोलते. इंजिन बंद करून दहा मिनिटं जाऊ द्यायची, म्हणजे वरचं तेल खाली उतरतं. पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची, आणि दुसऱ्यांदा काढल्यावर जे दिसेल ते खरं. पहिलं दिसतं ते नुसतं उडालेलं. दुसऱ्यांदा काढली तेव्हा टोकाला जेमतेम ओल होती, खालच्या खुणेच्याही खाली. शिवाय लाल दिवा म्हणजे नुसतं तेल कमी असं नाही, तर तेलाचा दाब गेला, इंजिन कोरडं घासायला लागलं. दिवा लागला की तिथल्या तिथे थांबायचं. वळणावर तेल एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो, म्हणून आधी तिथे लुकलुक.

मी म्हणालो, “पण आवाज तर काहीच नव्हता.”

ती म्हणाली, “काका, आवाज येईल तेव्हा बघण्यासारखं काही उरत नाही.” आणि मग, “तुम्ही पंपवाले ना? विहीर आटलेली असताना पंप चालू ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला तुम्ही काय म्हणता?”

मी काय म्हणतो ते या पत्रात लिहिता येणार नाही.

त्याआधी, पट्टी पुसायला मी इकडे तिकडे बघत होतो तेव्हा तिनं बॅटरीच्या बाजूला हात घातला आणि दोऱ्यानं बांधलेली कापडाची चौघडी बाहेर काढली. दादा, वहिनींच्या स्वयंपाकघराच्या पडद्याचा तुकडा. निळे चौकोन. वहिनी होत्या तेव्हा त्या पडद्याखाली बसून मी किती वेळा जेवलो आहे. तू तो धुऊन, घडी घालून ठेवलेला, कुठे डाग नाही. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. खिशातला रुमाल काढून त्यालाच पट्टी पुसली. त्या मुलीनं चौघडीला पुन्हा दोरा बांधला.  

मग तेल थोडं थोडं ओतलं, मधे थांबून पुन्हा पाहिलं, दोन खुणांच्या मधे, वरच्या खुणेच्या जरा खाली आणलं. तिनं किल्ली फिरवली. किटली क्षणभर पेटली आणि विझली. तेल सोडायच्या खालच्या नटाचं वॉशर गेलं होतं (तो काळा डाग आपलाच), ते तिनं दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बदललं. इंजिन वाचलं. छपाईवाल्याची मी माफी मागितली. तेव्हाही तो ‘बघतो’ म्हणाला.

पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तू फोनवर ‘मजेत’ म्हणतोस, आवाज खणखणीत, आणि मी ‘ठीक’ म्हणून फोन ठेवतो. परवा मात्र मी मुद्दाम तुझ्या आवाजामागचं ऐकलं. रेडिओ नव्हता. तुझ्या घरात रेडिओ बंद असलेला मी जन्मात ऐकला नाही. दुधवाला म्हणतो, किल्ली दिल्यापासून तू फाटकाबाहेर आलेला नाहीस. तीनदा राहायला बोलावलं, तीनदा ‘तुम्हाला कशाला त्रास’ म्हणालास. आता चौथ्यांदा बोलावत नाही.

मोठ्यांस नमस्कार लिहायचा तर तूच मोठा, धाकट्यांस आशीर्वाद तर मीच धाकटा. तेव्हा दोन्ही इथल्या इथेच मिटवतो.

तुझाच,
कान्या

ता. क. बोलावत नाही, काम आहे. खालची खूण कुठली आणि वरची कुठली, यात माझा अजून गोंधळ होतो. येत्या रविवारी सकाळी नऊला गाडी घेऊन येतो. पट्टी मी धरीन, खूण तू भिंगातून बघ. आणि पुढच्या रविवारीही.

ता. क. २. पडद्याचा तुकडा जागच्या जागी ठेवला आहे. त्यानं पुसायचं तर तूच पुस.

ता. क. ३. हे पत्र दुरुस्त करून टपालानं पाठवू नकोस. हातात घेऊन गाडीत बस.

ता. क. ४ (वेगळ्या अक्षरात). दादा, नमस्कार. हे आता रोज सकाळी तेल बघतात. दोन्ही खुणा यांना पाठ आहेत, काल मलाही शिकवल्या. तेल अगदी बरोबर आहे. तरी रविवारी या. येताना रेडिओ आणा.