भरतच्या नाकावर टिच्चून क्षेपणास्त्र

२३ ऑक्टोबर २०२५, भाऊबीज. पोलादपूर.
अपमान. शुद्ध अपमान. भरत, म्हणजे माझा मेहुणा, नेव्हीतून रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी ताठा तोच. मी विमानं बनवायच्या गेममधलं माझं विमान दाखवलं, तर म्हणाला, "दाजी, बरं हाय. पण उडतं का?" सगळे हसले. अंकितासुद्धा. माझी बायको असून!
संकल्प : याच गेममध्ये नौदलाचं क्रूझ मिसाईल बनवणार. जहाजावरून सुटणार, पाण्याला घासत जाणार, टार्गेट फोडणार. मग विचारतो, उडतं का.

२७ ऑक्टोबर, महाड.
बॉडी तयार. बूस्टर तयार. रंगही झकास. सोडलं. वर गेलं, वळलं आणि माझ्याच जहाजावर येऊन आदळलं. गेममध्ये बग आहे. कंपनीला इंग्लिशमध्ये कडक मेल टाकला.

१ नोव्हेंबर
दिवसभरात नऊ जहाजं बुडाली. सगळी माझी.
अंकिता म्हणाली, "अहो, दादाला विचारा ना. इतकी वर्षं जहाजावर होता तो." होता! जहाजावर स्वयंपाकी होता! डाळीला फोडणी देणाऱ्याला मी मिसाईल विचारू? आवाज जरा चढला. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली. लावू देत.

६ नोव्हेंबर, ऑफिस
आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचा ट्रक कशेडी घाटात बंद. ड्रायव्हरचे सात मिस्ड कॉल. मी चाचणीत गुंतलेलो. मालक गनीशेठ कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही. म्हणाले, "सुनीलभाऊ, गाडी घाटात उभी आहे, तुम्ही कुठे उडताय?" दोन दिवस घरी बसायला सांगितलं.
उत्तम. कामाला वेळ मिळाला.

१५ नोव्हेंबर
उद्या पोलादपूरला प्रात्यक्षिक. काल एकदा सरळ गेलं. (जहाज काढून ठेवलं होतं, पण तो मुद्दा वेगळा.)

१६ नोव्हेंबर, रविवार
भरतच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. सगळ्यांना समोर बसवलं. मिसाईल वर गेलं. वळलं. जहाज बुडालं.
कोणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. भरत एवढंच म्हणाला, "जहाजावर मानसं किती होती, दाजी?" म्हटलं, गेम आहे हा! "व्हय, गेमच हाय. चला, जेवून घ्या." त्याने स्वतः रांधलेलं. मी ताट सरकवलं आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "तू आपली फोडणी सांभाळ."
अंकिता उठली. "तुम्ही जा. मी राहते दादाकडे." एसटीने एकटा आलो.

१९ नोव्हेंबर, सकाळी ७
तीन दिवस झाले. चूक तिचीच. तिने कबूल केली तर मी मोठ्या मनाने विसरेन.
साखर सापडेना. तिला फोन केला. उचलला भरतने. म्हणाला, "वरच्या फळीवर, लाल झाकनाचा डबा." माझ्या घरातलं याला माहीत! अंकिताला दे म्हटलं. "ती बोलायची नाय म्हनते." मग म्हणाला, "दाजी, त्या मिसाईलचं मागचं पंख उलटं बसवलंत तुम्ही."
फोन आपटला. लॅपटॉप उघडला.
उलटेच होते.
फिरवून बसवले. सोडलं. पाण्याला घासत गेलं, टार्गेटच्या चिंधड्या! मी उडालोच खुर्चीतून. ओरडलो, "अगं, बघितलंस का!"
स्वयंपाकघरात कोणी नव्हतं.