टायगर तात्पुरता आहे

२ फेब्रुवारी
आज कुत्रा आला. नाव टायगर. वय बारा. मागचे पाय लटपटतात, ऐकू अजिबात येत नाही, भूक मात्र तरुण पोराची. मालक वारला आणि मुलांनी याला प्राण्यांच्या संस्थेत आणून सोडलं. संस्थेच्या ताई म्हणाल्या, म्हाताऱ्या कुत्र्यांना कुणी नेत नाही, घर मिळेपर्यंत सांभाळा, दोन-तीन महिने लागतील. मी म्हटलं, आठवडा पुरे. जन्मभर सोफे विकलेत. उसवलेला डिस्प्ले पीससुद्धा ‘अँटिक लुक’ म्हणून खपवलाय.
नियम एकच. जीव लावायचा नाही. कुत्रा जमिनीवर, सोफ्यावर नाही. बायकोला तीनदा बजावलं. ती हसली. का, ते कळलं नाही.

५ फेब्रुवारी
टायगर सोफ्यावर. स्वतः चढला नाही, त्याला चढताच येत नाही. मी ठेवला. जाहिरातीसाठी फोटो हवा होता. फोटो झाल्यावर उतरवणार होतो, पण तो झोपला. झोपलेल्या प्राण्याला उठवू नये. मी सतरंजीवर बसून टीव्ही पाहिला.
संध्याकाळी ताईंचा फोन. जाहिरातीतून ‘उत्तम राखणदार’ काढा म्हणाल्या, त्याला बेल वाजलेली कळत नाही. मी म्हटलं, ब्रोशरमध्ये एवढं चालतं. त्या म्हणाल्या, हे ब्रोशर नाही.

११ फेब्रुवारी
पहिलं गिऱ्हाईक. तरुण जोडपं, सालस. टायगरच्या पाठीवरून हात फिरवताना मुलीचे डोळे भरून आले. फार हळवी माणसं नकोत. शिवाय त्यांच्या घरात जिना. बाद.
ते गेल्यावर बायकोने विचारलं, आपण कितव्या मजल्यावर राहतो? तिसऱ्या. लिफ्ट नाही, हे मलाही माहीत आहे. पण मी त्याला उचलून नेतो ना! ती म्हणाली, गिऱ्हाईक दारातून परत पाठवणारा सेल्समन पहिल्यांदाच पाहिला.

१९ फेब्रुवारी
सकाळी टायगर फरशीवर घसरला. मागचे पाय दोन बाजूंना गेले, उठता येईना. आवाज केला नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. शेवटी पोटाखालून टॉवेल घालून उचलला.
डॉक्टर म्हणाले, सांधे गेलेत. गोळ्या किती दिवस, असं विचारलं. ते म्हणाले, आयुष्यभर. मग विचारलं, म्हणजे किती? ते हात धुवायला गेले.
सगळ्या घरात सतरंज्या अंथरल्या. तात्पुरत्या.

२७ फेब्रुवारी
बराच विचार केला. सध्या मार्केट डाऊन आहे. अशा वेळी माल पडेल भावात देण्यापेक्षा स्वतःकडे ठेवलेला बरा. निव्वळ व्यवहार. टायगर इथेच राहील. ताईंना उद्या कळवतो. उपकार मानतील.

२८ फेब्रुवारी
कळवणं राहिलं. सकाळी त्याला खाली नेताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कमरेत कळ आली आणि मी मटकन बसलो. टायगर मांडीवर. मला उठता येईना, त्यालाही येईना. वर हाक मारली, कुणी ऐकली नाही. तो माझी हनुवटी चाटत बसला.
बऱ्याच वेळाने बायको शोधत आली. मला वाटलं, ओरडेल. ती शेजारच्या पायरीवर बसली आणि हळूच म्हणाली, अहो, हे आपल्याच्याने होणार नाही. मी म्हटलं, उद्यापर्यंत ठीक होतो. ती म्हणाली, उद्या दोघंही गडगडाल.

३ मार्च
डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. बायकोने परस्पर ताईंना फोन केला. आज एक निवृत्त चित्रकला शिक्षिका आल्या. मुलाखत मी पलंगावरूनच घेतली, गरम पाण्याची पिशवी पाठीशी.
जिना? नाही, बैठं घर. दिवसभर कोण असतं? त्याच. म्हाताऱ्या कुत्र्याचा अनुभव? त्यांची कुत्री गेल्या वर्षी गेली, सोळाव्या वर्षी, त्यांच्या कुशीत.
पुढचा प्रश्न शोधत होतो, तेवढ्यात टायगर उठला. स्वतःच्या पायांनी, डुगडुगत, त्यांच्याजवळ गेला आणि त्यांच्या पावलांवर डोकं टेकून पडला. पर्समध्ये बिस्किटं असणार! पर्स बघू का, असं विचारलं. बायकोने माझ्या अंगावर पांघरूण ओढलं. तोंडावरून.

५ मार्च
टायगर शिक्षिकेकडे गेला. सोफा मोकळा. मी सतरंजीवरच बसलो. कमरेला बरं असतं.

१४ मार्च
शिक्षिकेच्या घरी जाऊन आलो. विक्रीनंतरची सेवा, एवढंच. बायको गाडी चालवायला म्हणून आली.
खरं तर वाटलं होतं, मला बघून तो हट्टच धरेल. मग काय करायचं, कसं समजवायचं, वाटेत बायकोला सांगत होतो. ती ऐकत होती.
टायगर अंगणात उन्हात पडला होता. अंग चकचकीत. मला ओळखलं, शेपटी हलवली, हात चाटला. मी बराच वेळ त्याच्याशेजारी मातीत बसलो. उठलो तसा तोही उठला. म्हटलं, झालं, आता निघणार माझ्याबरोबर. यजमान पाहुण्याला पोचवायला येतो तसा तो फाटकापर्यंत आला. आणि मी कडी लावायच्या आत वळून घरात गेला.
येताना मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता. चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. उद्या दाखवून घेतो.